गाण्यातला भोंगा

आमचा मेटल बँड भांडणाने फुटला नाही, हे आधी सांगून टाकतो. पेणमध्ये अजून काही लोक म्हणतात, पोरीवरून फुटला. कसली पोरगी नि कसलं काय! आमचं गाणं ऐकून आळीतली कुत्री पळायची, पोरी कुठून येणार?

आम्ही तिघं. मी पेणचा, बेस गिटार वाजवायचो. गाणारा निडीचा, गाणारा म्हणजे घशातून ओरडणारा. ड्रमवाला रोह्याच्या शेजारच्या वरसे गावचा. त्याच्या घरामागे बंद पडलेली भातगिरण होती, तिथे दर रविवारी तालीम. मेटल वाजवणारे मुंबईत ढिगाने आहेत, आपण काहीतरी वेगळं करू, या खुळापायी आम्ही आजूबाजूचे आवाज फोनवर रेकॉर्ड करत फिरायचो. मिठागरातलं फावडं, निडीवरून जाणारी मालगाडी, आणि एका सोमवारी वरसेजवळच्या केमिकल कंपनीचा भोंगा.

तो भोंगा सोमवारी सकाळी दहाला चाचणीसाठी वाजायचा. एरवी कधी वाजला तर गॅस सुटला समजायचं, तोंडावर ओलं फडकं धरायचं आणि वाऱ्याला आडवं पळायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. ड्रमवाल्याचे वडील तर त्याच कंपनीत शिफ्टला. तरी आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. आपण वाजवतोय म्हणजे ते गाणंच, इतकी आमची अक्कल.

एप्रिलची दुपार होती. उकडत होतं म्हणून गिरणीचं दार पहिल्यांदाच सताड उघडलं, नवा मोठा स्पीकर लावला. सुरुवातीला दोन मिनिटं नुसता रेकॉर्ड केलेला भोंगा, मग आम्ही. सगळं गाणं वाजवून घाम पुसत बाहेर आलो तर आळीत माणूस नाही. दारं उघडी. समोरच्या घरात शेगडीवर दूध उतू जाऊन करपत होतं.

तुम्हाला हसू येईल, पण माझी पाचावर धारण बसली. आमच्या दणदणाटात खरा भोंगा वाजून गेला आणि आपण ऐकलाच नाही, असंच वाटलं. गाणारा म्हणाला, वास येतोय. मलाही आला. दुधाचाच होता, पण तेव्हा कुठलं सुचायला! बालदीत टीशर्ट बुचकळून तोंडाला लावले आणि पळत सुटलो.

गाव माळावर जमलं होतं. म्हातारी माणसं खुर्च्यांसकट उचलून आणलेली. कोणीतरी ड्रमवाल्याला म्हणालं, आवाज तुमच्या गिरणीकडूनच आला बघ. तो पांढराफटक पडला. आम्हाला तिथेच सगळं कळलं. मग तो आईला शोधायला लागला, आणि आई कुठे दिसेना. दम्याची बाई, दहा पावलं चालली की बसायची. शेजारीण म्हणाली, ती कंपनीकडं गेली, नवऱ्याला आणायला.

अख्खं गाव गॅसपासून लांब पळालं होतं आणि ती एकटी त्याच्याकडे.

आम्ही घरातून तिचा दम्याचा पंप उचलला आणि धावलो. कंपनीच्या रस्त्यावर अर्ध्या वाटेत ती मातीत बसलेली सापडली. पायात चप्पल नाही, ओठ निळे. मी मनात म्हटलं, गेली. ड्रमवाल्याने पंप तिच्या तोंडात धरला, एकदा, दोनदा. बऱ्याच वेळाने श्वास जरा ताळ्यावर आला.

"बापूस आला का रे बाहेर?" तिने पहिलं हेच विचारलं.

"आये, गॅस नाय सुटला. आमचं गाणं होतं ते," तो रडत म्हणाला.

ती शिव्या घालेल, कानफटात मारेल असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने आम्हा तिघांकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मंग आता खरा वाजला, तर मला कसं कळायचं?"

तिचा नवरा आत होता आणि शिफ्ट सुटायला अजून तीन तास होते.