नरसिंहरावांना कळलेला कागद

बेंगळुरात जे. पी. नगरच्या मराठी मंडळात हेमलताकाकूंना लोक डॉक्टरीणबाई म्हणतात. त्या डॉक्टर नाहीत. एका सरकारी संशोधन संस्थेत धातूंना तडे का जातात हे बघण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच उद्योग माणसांच्या बाबतीत सुरू केला. दर महिन्याला उपचारांबद्दलचं एखादं नवं संशोधन निवडायचं, ते मुळातून वाचायचं आणि एका पानात, ठसठशीत अक्षरांत, साध्या मराठीत लिहून मंडळातल्या पेशंट लोकांना वाटायचं.

टायपिंग माझ्याकडे. मी गडहिंग्लजचा. आठवडाभर बेळ्ळंदूरच्या ऑफिसात इंग्रजीशी झटतो, कोरमंगलाच्या पीजीत झोपतो आणि रविवारी काकूंकडे पोहे खातो. वाक्य दहा शब्दांच्या वर गेलं की तोडायचं, हा त्यांचा नियम. एकदा मी 'सांख्यिकीयदृष्ट्या' असं टाईप केलं, तेव्हा त्यांनी माझ्या बशीकडे असं बघितलं, की वाटलं, आता खोबरं परत जातंय.

कागद छापण्याआधी त्याची परीक्षा व्हायची. परीक्षक म्हणजे शेजारचे नरसिंहराव. वय अठ्ठ्याहत्तर, चिकपेटेत साड्यांचं जुनं दुकान, चार पिढ्या बेंगळुरात. घरात मराठी, दारात कन्नड, आणि काकूंशी बोलताना दोन्हींचं कालवण. काकूंनी कागद मोठ्यानं वाचायचा आणि त्यांनी तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. अडखळले, तर दोष कागदाचा. न अडखळता सांगितला, की काकू कोपऱ्यात 'न. कळलं' असं लिहायच्या आणि मी छापायला न्यायचो. गुडघे, साखर, मोतीबिंदू, सगळे कागद या शिक्क्यानं पास झालेले.

जूनचा कागद ॲस्पिरिनचा होता. सत्तरीच्या पुढची माणसं हृदय सांभाळायला म्हणून रोज ती गोळी घेतात. ज्यांना हृदयविकार कधी झालेलाच नाही, त्यांना तिचा फायदा फारसा दिसला नाही. उलट अंगात रक्तस्राव व्हायचा धोका वाढला. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी मात्र गोळी सोडू नये. नरसिंहरावांनी हे सगळं घडाघडा परत सांगितलं. शेवटची ओळसुद्धा. एवढा सोपा कागद आजवर झाला नाही, असंही म्हणाले. काकू दिवसभर खुशीत होत्या आणि मला पोहे दुसऱ्यांदा मिळाले. एकशेवीस प्रती वाटल्या.

जुलैत एका रविवारी नरसिंहराव आले आणि बाही वर करून त्यांनी हात काकूंपुढे धरला.

"बघा अक्का. पयले स्वल्प लागलं तरी निळं पडायचं. आता एक डाग नाही. तुमचा कागद वाचला त्या दिवशीच गोळी बंद केली मी."

काकूंनी गॅस बंद केला. मी हसत म्हणालो, की काका आता मंडळाच्या जाहिरातीत तुमचाच हात छापू. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नरसिंहराव, तुम्हाला स्टेंट घातलाय," त्या म्हणाल्या.

"होय की. सहा वर्षं झाली."

"मग तुम्हाला हृदयविकार आहे."

"होता," नरसिंहराव शांतपणे म्हणाले. "काढला की तो डॉक्टरनं. म्हणून तर स्टेंट घातला. आता कुठाय विकार?"

सहा वर्षांपूर्वी दवाखान्यात त्यांचा डबा काकूंनीच पोचवला होता. पण कागद वाचून दाखवताना समोर पेशंट बसलाय हे त्यांच्या मनातच आलं नाही. समोर परीक्षक होता आणि तो पास झाला होता.

काकूंनी त्यांना सांगितलं की गोळी आजच सुरू करायची, आत्ता दवाखान्यात जायचं. नरसिंहराव ऐकेनात. बावीस दिवसांत काही झालं नव्हतं, अंग हलकं वाटत होतं. आणि गंमत म्हणजे त्यांची सगळी मुद्देसूद उत्तरं काकूंच्याच कागदातली होती. शेवटी डॉक्टरांना विचारा असं लिहिलंय, हे मी दाखवलं, तर म्हणाले, ते गुडघ्याच्या कागदावरही होतं, मोतीबिंदूच्याही होतं. खरंच होतं. मीच ती ओळ दर वेळी कॉपी-पेस्ट करायचो.

"माझं चुकलं," काकू म्हणाल्या.

"कागद बरोबर आहे अक्का. मी चारदा वाचलाय."

काकू त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "दुकानात पैठणीला भोक निघालं आणि तुम्ही झकास रफू करून घेतलं. ती नवी म्हणून विकाल?"

नरसिंहरावांना ते लागलं. त्यांच्या दुकानात असलं कधी झालं नव्हतं, वडिलांच्या काळातही नाही.

"का नाही? भोक तर बुजलं," काकू म्हणाल्या.

"रफूची जागा ती रफूचीच," ते म्हणाले. "तिथं ताण देऊन चालत नाही. जपूनच..." आणि थांबले. हात छातीकडे गेला नाही, मांडीवरच राहिला. मग म्हणाले, "हे कागदावर का नाही घातलं, अक्का?"

काकूंनी चपला घातल्या.

आम्ही त्यांना रिक्षातून घेऊन गेलो. डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळी समोर घ्यायला लावली आणि कागद हातात घेऊन पूर्ण वाचला. यात चूक काहीच नाही म्हणाले. मग नरसिंहरावांना म्हणाले, आत्ता तरी ठीक दिसतंय. काकू परतीच्या रस्त्यात 'आत्ता तरी' हेच दोनदा पुटपुटल्या.

त्या दुपारपासून त्या कागद नेलेल्या एकेकाला फोन करतायत. कळलं का, असं आता कुणाला विचारत नाहीत. विचारतात, "या कागदात दोन प्रकारची माणसं आहेत. तुम्ही त्यातली कुठली?" पहिल्या चाळिसांत दोघांनी चुकीचं उत्तर दिलं. एका बाईंनी तर आपल्या नवऱ्याची गोळी पण बंद केली होती. अठरा प्रती कुणी नेल्या याचा पत्ताच नाही. टेबलावरून उचलून नेल्या.

मला एक गोष्ट काकूंना सांगायची होती आणि ती मी दोन दिवस सांगत नव्हतो. कागद इतका छान झाला म्हणून मी त्याचा फोटो आईला पाठवला होता. आपलं पोरगं बेंगळुरात काय काय करतं हे दाखवायला तिनं तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता.

मंगळवारी ऑफिसातून थेट त्यांच्याकडे जाऊन सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं.

"किती जणी आहेत ग्रुपवर?"

"एकशे चाळीस. त्यांनी पुढे कुठे पाठवला ते..."

"ते नंतर बघू," म्हणाल्या आणि त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. "आईला फोन लाव. आधी तिलाच विचार, ती कुठली."

मी नंबर लावला. आईनं उचलला आणि नेहमीसारखं जेवलास का विचारलं. माझ्या बाबांनाही चार वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय. इतका वेळ ते माझ्याही मनात आलं नव्हतं.