बदकाच्या पोटातली ओल

ऑफिसातून आले आणि लेकीला आंघोळ घालायला बसले. तिने टबातलं पिवळं रबरी बदक दाबलं, तर पाण्यात काळे कण पसरले.

"आई, बदकाला शी झाली!"

मी तिला पटकन उचलून टॉवेलात गुंडाळलं. दर रविवारी ते बदक मी साबणाने घासते. वरून कसं लख्ख दिसायचं. कात्रीने कापून पाहिलं, तर आत सगळी बुरशी. पोटाखालच्या भोकातून पाणी आत जातं, पण सगळं बाहेर येत नाही, आणि ओल तशीच राहते.

"एवढं काय त्यात? नवीन आणू," नवरा बाहेरून म्हणाला.

खरंच, एवढं काही नव्हतं. तरी मी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसूनच राहिले. रोज घासायचं, पुसायचं, वाळवायचं, आणि जिथे हात पोहोचत नाही तिथे साचायचं ते साचतंच. घरात काय आणि माणसात काय.

"आई, तू दमलीस?" लेकीने विचारलं.

"हो गं, खूप."

तिने बादलीतलं उरलेलं कोमट पाणी मगाने माझ्या पायांवर ओतलं. सलवार भिजली. मी पाय मागे घेतले नाहीत.