नाल्याकाठचा ठिपका

पळसटोल्याच्या ठमाबाईंना बोलायला भोंगा लागतो असं कुणी म्हटलं, तर तो माणूस गावात नवा आहे असं खुशाल समजावं. चामोर्शीकडची ही लेक. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या बायांना हाका मारून तिचा गळा असा तयार झाला, की तिने दारातून ‘आयकलं का’ म्हटलं की शिवाराच्या टोकाला बापूराव हातातली कुदळ ठेवून जेवायला निघतात. बापूराव म्हणजे ठमाबाईंचे यजमान. स्वभावाने गरीब, पण गुडघे दुखायला लागल्यापासून जरा पळवाटा शोधणारे.

हिवाळ्यात झाडीपट्टीचं नाटक आलं की पुकारा करायला म्हणून गावाने भोंगा घेतला होता. ग्रामसभेने ठमाबाईंना वणवा समितीच्या अध्यक्ष केलं आणि भोंगाही त्यांच्याच हवाली केला. काम सांगायला सोपं. उपग्रह डोक्यावरून जातो, रानात कुठे आग दिसली की ज्या गावाचं ते रान, त्या गावाच्या मोबाइलवर निरोप येतो. निरोपात नुसते आकडे. ते नकाशावर टाकले की लाल ठिपका उमटतो. हे सारं त्यांना सुनेने, नूतनने शिकवलं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी बोटाने नकाशा असा काही ओढला की पळसटोला थेट समुद्रात जाऊन पडला. पण बाई जिद्दीची, थोड्याच दिवसांत हात बसला.

आता हा ठिपका कशापायी, तर मोहापायी. रान गावाचं असलं तरी मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं. फुलं गळायला लागली की खालचा पाला पेटवून द्यायचा, म्हणजे जागा साफ होते आणि फूल चटकन दिसतं, ही इकडची जुनी खोड. आगीला मात्र आपलं झाड कुठे संपलं ते कळत नाही. म्हणून ग्रामसभेने ठरवलं, पाला खराट्याने झाडायचा. ज्याच्या मोहाखाली आग, त्याचं नाव भोंग्यावर, आणि दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांच्या मोहाखाली झाडायचं.

“मंगरूभाऊ! तुमचा मोह धूर काढून राह्यला! खराटा घरी पूजेले ठेवला का?”

असा पुकारा झाला की मंगरू दोन दिवस पारावर फिरकायचा नाही. चैतूच्या बायकोने तर अबोलाच धरला. ठमाबाईंनी कुणाची भीड ठेवली नाही. सगळ्या गावाची नावं त्यांनी भोंग्यावर घेतली, एक सोडून. नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर तो कायम ‘विक्कीचा बाप’. रेशनच्या दुकानातसुद्धा त्या नूतनला पुढे करत, “सांग वं, तुह्या सासऱ्याचं नाव.”

एवढी शिस्त लावूनही गेल्या वर्षी घात झालाच. वणवा नाल्यापलीकडून, खैरमेंढ्याच्या रानातून आला. त्यांच्या मोबाइलवर ठिपका आदल्या दिवशीच आला होता, पण यांना कोण कळवणार? दोन गावांत सीमेवरून जुनी धुसफूस. यांच्या मोबाइलवर ठिपका उमटेपर्यंत मोहाची अख्खी रांग होरपळली होती. यंदा त्या रांगेला फूलच नाही. ते पाहून ठमाबाई रडल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता: दोन्ही गावांचे ठिपके दोन्ही गावांना कळले पाहिजेत.

खैरमेंढ्याचे लालसूभाऊ काही केल्या तयार होईनात. त्यांचं म्हणणं साधं होतं.

“आमचा ठिपका दिसला का तुमी भोंग्यावर बोंबलान. तुमचा दिसला का झाकान. मंग आमचीच बदनामी.”

चार माणसं मध्ये पडली तेव्हा कुठे ते एका दुपारी बैठकीला आले. सोबत गावची पाच-सात मंडळी, सगळ्यांचे चेहरे मुलगी नापसंत करायला आल्यासारखे. पळसटोल्याच्या समाजमंदिरात चहा झाला. ठमाबाईंनी मोबाइल मधोमध ठेवून सगळं समजावलं. लालसूभाऊ मान हलवत होते, पण ती होकाराची नव्हती.

तेवढ्यात मोबाइल वाजला.

ठमाबाईंनी आकडे नकाशावर टाकले. ठिपका पळसटोल्याच्याच हद्दीत, नाल्याकाठी. ठिपका म्हणजे काही झाडावर ठेवलेलं बोट नव्हे, तो अख्खा पट्टा दाखवतो. पण त्या पट्ट्यात मोह एकच. बाजूला एक जुनी वीटभट्टी होती, आणि भट्टीच्या जाळाने उपग्रह याआधीही फसला होता. आणि तो मोह होता ठमाबाईंच्याच घरचा. त्यांच्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा फुलं वेचायला नेलं होतं तोच.

त्यांनी वर पाहिलं. दाराशी बापूराव आत्ताच येऊन बसले होते. धोतराला राख लागलेली, आणि नजर आढ्याला अशी खिळलेली की जसं काही तिथेच नाटक चाललं आहे. ठमाबाईंना सगळं कळलं. दुपारी दीडला सॅटेलाइट जातो हे त्यांनीच घरी सांगितलं होतं. बापूरावांनी हिशेब केला तो वडशाच्या एसटीचा: एकदा गाडी गेली की संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा. पण एका सॅटेलाइटमागोमाग दुसराही जातो, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“कोनाचा ठिपका होय, बाई?” लालसूभाऊंनी विचारलं.

“भट्टीचा असन,” बापूराव दारातून हळूच म्हणाले.

किती सोपं होतं! भट्टीचा म्हटलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. पाहुण्यांदेखत घरची अब्रू राहिली असती. पण ठमाबाईंना फुलाविना उभी असलेली ती रांग आठवली. त्या उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि भोंगा सुरू केला.

“आयका हो, पळसटोलावाले! नाल्याकाठी आग लागली. मोह...”

इथे त्यांचं गाडं अडलं. नाव तर घ्यायलाच हवं, नियम त्यांचाच. आणि नाव तर घेता येत नाही. भोंग्यातून नुसतीच खरखर ऐकू येऊ लागली. बैठकीला जमलेल्या गावच्या बाया पाहत होत्या, आणि चैतूची बायको सर्वांत पुढे होती. ठमाबाईंनी डोळे मिटले.

“वरून पाहे सॅटेलाइट आपलं अवघं गाव,
नाल्याकाठचा मोह पेटला, पेटवनारे... बापूराव!”

मग चैतूच्या बायकोने अबोला सोडून जी शिट्टी मारली, ती म्हणे खैरमेंढ्यात ऐकू गेली. लालसूभाऊ तर हसता हसता खांबाला टेकले. पण आग हसून विझत नाही. ठमाबाई ओरडल्या, “दात काय दाखवून राह्यले? फांद्या तोडा, चला!” दोन्ही गावची माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन धावली. झुडपात शिरलेली आग त्यांनी झोडपून झोडपून नाल्यापाशी अडवली. मोहाची साल थोडी भाजली, झाड वाचलं.

धुराने काजळलेल्या तोंडाने परत येताना लालसूभाऊंनी आपला मोबाइल ठमाबाईंसमोर धरला.

“घ्या, आमचे ठिपके तुमाले, तुमचे आमाले. जे बाई घरच्याले सोडत नाई, ते आमचं नाव उगाच कायले घेईन?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूराव शिक्षा भोगायला निघाले. मंगरूच्या मोहाखाली झाडलं, चैतूच्या झाडलं, आणि शेवटी कण्हत कण्हत नाल्याकाठच्या मोहापाशी आले. ठमाबाई तिथे आधीच दुसरा खराटा घेऊन हजर होत्या. दोघं झाडत राहिले. फुलं टपटप पडत होती.

“लग्नात घेतलं होतं,” बापूराव शेवटी म्हणाले, “मंग काल घेतलं. पुन्हा आयकाचं असन तर आगच लावा लागते का वं?”

“लावून तर पाहा!”

एवढं म्हणून ठमाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. रानात कुणी नव्हतं. भोंगा घरी होता. बांधापलीकडे हाक पोचवणारा तो गळा त्यांनी अगदी बारीक केला.

“बापूराव,” त्या म्हणाल्या, “तिकडचा पाला राह्यला.”