परतीचे काळे चष्मे

कंपाउंडरकाकांच्या परवानगीशिवाय जगातली एकही वस्तू कचऱ्यात गेलेली मी पाहिली नाही. नव्वदच्या दशकात बारामतीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायचे आणि शक्यतो गप्प बसायचे, त्यामुळे त्यांना न्याहाळायला मला भरपूर वेळ होता. जुन्या छापील कागदांच्या कोऱ्या पाठी ते मला लिहायला रचून ठेवत. डोळ्याची बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांची बाटली उघडली की उरलेले थेंब संध्याकाळी टाकावे लागत, म्हणून तसले सगळे पेशंट ते एकाच दिवशी बोलावत. एकदा तळाशी थोडे उरले, तर समोरच्या चहावाल्याला दंडाला धरून आणलं. "वर्षभर म्हणतूयास डोळं दाखवायचं. बस हितं!" तपासणी नीट झाली, पण थेंबांनी जवळचं धूसर झालं आणि चहा रात्रीपर्यंत कपाशेजारी पडत होता.

त्यांचा खरा जीव काळ्या चष्म्यांत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेला चष्मा पेशंटनं तपासणीला येताना परत आणायचा; काका तो साबणानं धुऊन पुढच्याला देत. प्रत्येकाला बजावत, "चष्म्याबिगर यायचं न्हाय!"

निमगाव केतकीच्या एक आजी आल्याच नाहीत. दोन तारखा चुकल्यावर काका मला घेऊन एसटीनं त्यांच्या घरी गेले. आजी ओट्यावर काळा चष्मा लावून शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आजी, आला का न्हाय तुमी?"

"चष्मा काढून घेशीला म्हनून. सुना म्हनत्यात, सासूबाई शिनेमातल्या दिसत्यात."

काकांनी हलकेच चष्मा उचलला. डोळा लालभडक, पाण्यानं डबडबलेला.

"दुखत न्हाय व्हय?"

"दुखतंय की. पर चष्मा न्हाय द्यायची."

"चष्मा तुमचाच, आजी. उठा. हीच यष्टी गाठायची."

डॉक्टरांनी डोळा वाचवला. नजर मात्र यायला हवी होती तेवढी आली नाही. तिसऱ्या दिवशी काका डॉक्टरांपुढे उभे राहिले. "चूक माझी हाय. आन् निमगावच्या चाळीस जणांनी यष्टीनं हितं कशाला यायचं? आपण तिघांनी बाजाराच्या दिवशी तिकडं जायचं. डोळा आधी, चष्मा मागनं." डॉक्टरांनी नाही म्हणून पाहिलं. काका टेबलापुढून हलले नाहीत.

तेव्हापासून बाजारादिवशी ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात आमची तपासणी भरू लागली. आजी दर खेपेला येत. वाचता न येणाऱ्यांसाठी इंग्रजी E सारख्या चिन्हांचा तक्ता असे; चिन्हाचं उघडं तोंड जिकडं, तिकडं आजी बोट करत. वर, खाली, डावीकडं. चौथ्या ओळीनंतर बोट थांबे; पुढचं त्यांना दिसत नसे. काका घाई करत नसत. पाचव्या ओळीखाली पट्टी धरून ते तसेच उभे राहत, बराच वेळ.