उपासाला मिश्री चालते

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास पार उडायची वेळ आली होती. हिरड्या सुजलेल्या, दात हलायचे, तोंडातून रक्त यायचं. संध्याकाळ झाली की ताप भरायचा, सांधे धरायचे. तोंडाला वास येतो म्हणून सासूबाईंनी मला नैवेद्याच्या चुलीपासूनही लांब केलं. आमच्या बोरी गावात कुणी म्हणे क्षय, कुणी म्हणे बाहेरचं. पदरात दीड वर्षाची मुलगी. मी गेले तर तिचं कोण करणार, एवढंच डोक्यात असायचं. घरात मात्र सवत आणायची बोलणी माझ्यादेखत चालली होती.

म्हणून गणपतीचे कडक उपास धरले. अन्न बंद, मिश्री चालू. उपासाला मिश्री चालते, हे आम्हा बायकांचं शास्त्र. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांना चोळली की दुखणं बधिर व्हायचं आणि मला वाटायचं, देव पावतोय. कसला पावतोय!

चतुर्थीला दिराबरोबर बैलगाडीनं ओझरच्या गणपतीला गेले. दर्शन झालं, पण काही मागवेना, नुसता राग आला. घाटावर बसून मिश्री लावली आणि थुंकले, तर सगळं रक्तच. शेजारी जुन्नरची एक मुसलमान बांगडीवाली आपलं गाठोडं बांधत होती. तिनं माझा हातच धरला.

"आगं, फेक ती मिश्री! माज्या भणीचं आसंच व्हतं. दवाखान्यात दाखव. चल, मी येते."

ओळख ना पाळख, पण तिनं दिराला गाडी जुन्नरकडं वळवायला लावली. मुक्काम तिच्याच घरी झाला आणि तिच्याच हातच्या मऊ भातानं माझा उपास सुटला.

सकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हिरड्यांत पू साठलाय. तोच पोटात जातोय, रक्तात भिनतोय. ताप त्याचाच." त्यांनी हलणारे दात काढले, इंजेक्शनं दिली. हळूहळू ताप हटला. मी पुन्हा दळू लागले, पाणी भरू लागले, तेव्हा सवतीचं बोलणंही थांबलं. बाईपेक्षा तिचे हात हवे असतात घराला.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "माहेरी कुणाला असं होतं?"

आईला होतं. माहेरी, मढला, ती अशीच रक्त थुंकत, तापात झिजून गेली. आम्ही देवीचा कोप समजून अंगारे लावत बसलो. तिच्या वाटेवर कुणी बांगडीवाली आली नाही.

ती मला भेटली आणि मी जगले, ही गणपतीचीच कृपा, यात मला शंका नाही. त्याचे उपकार मानते आणि त्याच तोंडानं आईसाठी त्याच्याशी भांडते. मग तिथंच डोकं टेकते. भांडायला तोच आणि पाया पडायलाही तोच. दुसरा आणू कुठून?