रहमतची डोलकाठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या शुक्रवारी बायकोला सांगितलं, तेही ठसका लागून घास बाहेर यावा तसं. आणि आता तुम्हाला सांगतोय. मधे कुणी नाही.

सुरुवात माझ्या एका गाढवपणापासून करतो, कारण ते सांगायला सोपं आहे. मी जहाजाची डोलकाठी मागे झुकवली.

यात तुम्हाला काही वावगं दिसत नसेल, तर तुम्ही बंदरापासून लांब राहणारे सुखी लोक आहात. पण मी ते हातभर लाकडी जहाज टॉवेलात गुंडाळून दुबईतल्या देऱ्याच्या धक्क्यावर नेलं होतं. नीट झालंय का ते विचारायला, असं म्हणत होतो. खरं म्हणजे शाबासकी घ्यायला. खलाशी गोळा झाले. एकाने ते हातात घेतलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, की हे उलटं कुठे चाललंय, घरी काही विसरलंय काय? मग जे हसू उठलं, ते खाडीपलीकडे बर दुबईपर्यंत गेलं असणार.

मी बाणकोटच्या खाडीकाठचा. आमच्याकडे पोर चालायच्या आधी वल्हं धरतं म्हणतात. आणि मी? मला इथल्या खाडीतून पलीकडे जाणाऱ्या साध्या होडीतसुद्धा बोट लागते. म्हणून तर एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात क्लार्क झालो. पीठ, तांदूळ, चहा यांची बिलं करायची. ती हलत नाहीत.

मग असल्या माणसाने जहाज बांधायला घेतलंच कशाला?

बायकोसाठी. सकीनासाठी. तिचे बाबा 'रहमत' या फत्तेमारीवर नाखवा होते. आमच्या खाडीतलं ते शेवटचं मोठं शिडाचं जहाज. कौलं आणि लाकूड घेऊन आखातात यायचं, खजूर भरून परत जायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते एका वादळात गेलं, आणि कुणीच परतलं नाही. सकीना तेव्हा एवढीशी होती. बातमी आली त्या दिवशी तिच्या आईने, हलिमाने, टेकडीवरच्या पीरबाबाच्या दर्ग्यात नवस केला, की त्यांना वाचव, तुला लाकडाचं जहाज चढवीन. आमच्या दर्याकाठी असले नवस घरोघरी असतात, दर्ग्याच्या छताला अशी चिमुकली जहाजं टांगलेली दिसतात. हलिमाचं जहाज काही तिथे टांगलं गेलं नाही. ज्याच्यासाठी मागितलं तो आलाच नाही, मग चढवणार काय? पुढे मरेपर्यंत तिने पीरबाबाशी अबोला धरला. टेकडीखालून जाताना तोंड फिरवून जायची म्हणे.

अशा घरातली बिनबापाची पोर मी पदरात घेतली. हे वाक्य माझं नाही हं. गावाचं आहे. पण मला ते आवडायचं. किती आवडायचं, ते पुढे येईलच.

तर जहाज. दुबईत बिऱ्हाड केलं, आणि एकदा सकीना सहज म्हणाली की तिला बाबांचा चेहरा आठवत नाही, फक्त जहाज आठवतं. तेवढ्याने मला चेव आला. सुट्टीवर गावी गेलो, तेव्हा घरोघरी चौकशी केली. चुलत सासरे म्हणाले, जहाजासारखं जहाज होतं, त्यात काय सांगायचं. एक जण म्हणाला कडेला हिरवा पट्टा होता, दुसरा म्हणाला निळा. दोघांचं त्यावरून भांडण झालं, आणि ते मिटवण्यात माझी निम्मी रजा गेली. इकडे परत येऊन ऑफिसातल्या चहाच्या खोक्यांच्या फळ्या कापल्या, पिठाच्या गोणीचं शीड केलं. आणि डोलकाठी बसवली. मागे झुकवून.

धक्क्यावरचं हसू ओसरल्यावर एका म्हाताऱ्या कच्छी खलाशाला माझी दया आली. तो म्हणाला, डोंगरापलीकडे खोर फक्कान बंदरात शिडं शिवणारा एक हिंदी शीडवाला आहे, तुमच्याच मुलखातला, त्याने फत्तेमारी चालवलेली आहे, त्याला दाखव. पुढे आमच्या मालकाचा माल तिकडे जायचा होता. मी जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो. डोंगरातून, कोरड्या ओढ्याच्या दगडगोट्यांतून सगळा दिवस हाडं खिळखिळी करत गेलो. जहाज मांडीवर. मला जमिनीवरही बोट लागते, हे त्या दिवशी कळलं.

थांबा. मी अजून गमतीच सांगतोय. इथून पुढे गंमत नाही, म्हणून पाय ओढतोय.

खजुरीच्या झावळ्यांच्या मांडवाखाली तो शीड शिवत बसला होता. मागे झोपडीत बाई होती, मुलं होती, अरबी बोलत होती. मी जहाज पुढे ठेवलं. तो हसला नाही. त्याने डोलकाठी उपटली, खाच तासली, पुढे झुकवून बसवली आणि दोरीने आवळली.

"डोलकाठी पुढं झुकते, बाबा," तो म्हणाला. "जहाजाला जायचं असतं."

मग मी अभिमानाने सांगितलं, की ही आमच्या बाणकोटच्या खाडीतली 'रहमत'. त्याचा हात थांबला. तो म्हणाला, 'रहमत' माझ्याच हातची, तिचा नाखवा मी. मासेमारीच्या होडीने त्याला एकट्याला उचललं होतं. बाकीचे गेले. त्यात दोघे त्याच्याच आळीतले होते, त्यानेच घरून मागून आणलेले. त्यांच्या आयांसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू, म्हणून या हंगामात जातो, पुढच्या हंगामात जातो, असं करता करता राहून गेला. हे सगळं तो सुईकडे बघून सांगत होता. मग त्याने हलिमाचं विचारलं. ती गेली, असं मी सांगितलं. त्याने मान खाली घातली. आणि मग —

"आणि तिची पोर?"

तिची पोर माझी बायको होती. डोंगराच्या पलीकडे, एका दिवसाच्या वाटेवर, माझ्यासाठी भात झाकून बसली होती. आणि मी म्हणालो, "ती होय? मुंबईला दिलीय. सुखात आहे."

का म्हणालो? वर्षानुवर्षं स्वतःला उत्तरं देत आलोय. आत दुसरी बायको आहे, सकीनाला ते सोसायचं नाही. गाव हलिमाला नावं ठेवील. म्हातारा स्वतःच लपून बसलाय, त्याला कशाला उघडा पाडायचा? चांगली उत्तरं आहेत ना? क्लार्क माणूस, कागद नीट लावता येतात.

खरं असं, की मला भीती वाटली. बाप जिवंत निघाला, की बिनबापाची पोर पदरात घेणारा तो भला माणूस कुठे राहतो? मग मी नुसता जावई. सासऱ्यासमोर मान खाली घालून बसणारा, जमिनीवर बोट लागणारा जावई. एवढ्यासाठी. यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं — नाही सापडलं.

घरी आलो. सकीनाने जहाज पाहिलं, डोलकाठीवरून बोट फिरवलं, आणि हे कुणी नीट केलं म्हणून विचारलं. एका बलुची म्हाताऱ्याने, असं मी सांगितलं. तिने ते फळीवर ठेवलं. पाहुणे आले की ती ते दाखवायची, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायची, की मी उठून पाणी प्यायला जायचो. दुबईत चालणारे आपले रुपये गेले, रियाल आले, आमच्या गल्लीत वीज आली. दर ईदला वाटायचं, आज सांगू. माल घेऊन जीप तिकडे जायची, दर खेपेला वाटायचं, हिला घेऊन जाऊ. गेलो का? मग एकदा ड्रायव्हर परत येऊन पेट्या उतरवता उतरवता म्हणाला, तुमचा तो शीडवाला, खलास. मी पेट्या मोजत राहिलो. घरी येऊन जेवलोसुद्धा.

गेल्या शुक्रवारी डोलकाठीची दोरी तुटली. सकीना धूळ पुसत होती. तिने तुटलेलं टोक हातात धरलं आणि म्हणाली, त्या बलुची चाचांकडेच घेऊन जा ना, त्यांच्या हाताला माया होती.

आणि मी सांगितलं. सगळं, मुंबईसकट.

ती रडली नाही. मी तयारी केली होती तसलं काहीच झालं नाही. त्यांचे हात कसे होते, एवढं एकदा तिने विचारलं. मी सांगितलं, सुईने भोकं पडलेले. मग तिने जहाज फळीवरून उतरवलं. तोच जुना टॉवेल शोधून काढला, आणि तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं त्याला गुंडाळलं.

"अम्मानं मागितलं होतं, त्यांना वाचव," ती म्हणाली. "घरी आण, असं नव्हतं मागितलं. वाचवलं की त्यांना. उगाच पीरबाबाशी अबोला धरून गेली बिचारी."

टॉवेलाला गाठ मारून झाल्यावर तिने वर पाहिलं.

"हे जहाज दर्ग्याचं आहे. पुढच्या बोटीनं मी जाते आणि चढवून येते. तुम्ही नका येऊ. तुम्हाला बोट लागते."