पुढच्या मशीनवर

चीफना उभ्या आयुष्यात कधी बोट लागली नाही. मालवाहू जहाजांवर ते मुख्य इंजिनिअर होते, म्हणून सगळे त्यांना चीफ म्हणत. वादळात बाकीचे आडवे पडले तरी आपण डबा उघडून जेवत असू, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांना बोट लागली ती निवृत्तीनंतर, रत्नागिरीतल्या राहत्या घरी, सोफ्यावर बसून टीव्हीवर गेम खेळताना.

मी त्यांचा शेजारी. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेलो, गेममधलं काही न कळणारा. संध्याकाळी चहाला जायचो आणि ते खेळत असताना बाजूला पुस्तक उघडून बसायचो. माझं बसणं त्यांना चालत असे, पुस्तक चालत नसे. "मेल्या, त्यात काय बघतोस? इथे बघ, पाणी कसं वागतंय." गेम कुठलाही असो, ते आधी त्यातला समुद्र पाहत. लढाईच्या गेममध्येसुद्धा शत्रूकडे पाठ करून किनाऱ्यावर उभे राहत आणि लाट तपासत. मागून गोळ्या लागून मरत. "मरू दे. पण लाट खोटी आहे," एवढंच म्हणत.

गेमचं मशीन ते इंजिनासारखं सांभाळत. खाऱ्या हवेने आत गंज धरतो म्हणून दर शनिवारी रंगकामाच्या ब्रशने त्याच्या पंख्याची धूळ काढत. खालून हवा खेळावी म्हणून त्यांनी ते चिऱ्याच्या चार तुकड्यांवर बसवलं होतं. वहिनी एकदा म्हणाल्या, "देव्हाऱ्यातल्या देवांना नाही हो एवढं आसन." त्यावर चीफ म्हणाले, "देव तापत नाहीत."

"ताकद ठरलेली असते. ती कुठे लावायची, ते आधी ठरव." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. जहाजावर जी वीज माल थंड ठेवते तीच माणसांच्या खोल्यांतले पंखे फिरवते. एकीकडे वाढवली की दुसरीकडे कमी पडते. गेमच्या मशीनचंही तसंच, असं त्यांनी मला समजावलं होतं. पानापानाची शीर दिसेल असं बारीक चित्र काढायला लावलं, तर ते सेकंदाला तीसच चित्रं काढू शकतं. चित्र थोडं ढोबळ चालवून घेतलं, तर साठ काढतं आणि हालचाल सुरळीत होते. "डोळ्याला बारीक लागतं, पोटाला सुरळीत लागतं," ते म्हणत. स्वतः ते पोटाच्या बाजूचे. नवा गेम आणला की पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन चित्राची बारकाई उतरवायची. वहिनींना ते चष्मा विसरल्यासारखं दिसे.

त्यांचा मुलगा ओंकार पुण्यात गेम तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. तिथे त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक गेम केला. एक लहान बोट घेऊन बंदराबंदरांतून किनाऱ्याने जायचं, एवढाच खेळ. त्यातला समुद्र सगळा ओंकारने केलेला. गेम घरी आला त्या दिवशी चीफनी आळीत पेढे वाटले. चित्र खरोखर पाहत राहावं असं होतं: ओला कातळ, फेस, बोटीचा पोपडे आलेला रंग. पण सगळी ताकद त्या चित्रावरच लावलेली. तीसच्या वर जायची सोयच ठेवलेली नव्हती. बोट डुलू लागली आणि बंदराचा बांध ओलांडायच्या आतच चीफनी हातातला कंट्रोलर खाली ठेवला. चेहरा पांढरा पडला होता. वहिनींनी लिंबू कापून दिलं.

दुसऱ्या दिवशी ते तोंडात आल्याचा तुकडा धरून बसले. मग एकदा खिडकी उघडी ठेवून, एकदा भिंतीला पाठ टेकून. बांधाच्या बाहेर बोट काही गेली नाही.

"ओंकारला सांगा ना," मी म्हटलं.

"काय सांगू? पोराने डोळे फोडून पाणी रंगवलंय. आणि मी सांगू, चित्र कमी कर?"

"सगळ्या जगाला तुम्ही तेच तर सांगता."

"जग माझा मुलगा नाही."

फोनवर ओंकार विचारायचा, "बाबा, बंदराबाहेर पडलात की नाही? दोन टेकड्या मागे टाकल्या की एक खाडी लागते. तिथपर्यंत जा."

"जातो रे. घाई कसली? चित्र काय सुरेख केलंयस! पुढच्या मशीनवर जाऊ, तिथे खरी मजा."

मुलगा खूश व्हायचा. पुढच्या सुधारणेत त्याने चित्र आणखी बारीक केलं.

ते पुढचं मशीन तेव्हा कुणीच पाहिलेलं नव्हतं. चीफ मात्र त्याच्या बातम्या मला वाचून दाखवत. त्याची ताकद एवढी असेल की बारीक चित्रही मिळेल आणि साठही. शिवाय मधली काही चित्रं ते स्वतःच कल्पून भरेल. मग चष्मा काढून स्वतःच म्हणत, "पण मशीन वाढलं की हे लोक आधी चित्रच वाढवतात रे. बोट तिथल्या तिथे डुचमळते." हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि तरीही ते थांबून होते. मुलाला जे सांगवत नव्हतं ते मशीनने परस्पर मिटवावं, एवढीच त्यांची अपेक्षा असावी, असं मला आता वाटतं.

मशीन यायच्या आधीच ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर ओंकारने टीव्ही लावला. बोट पहिल्याच धक्क्याला उभी होती.

"बाबा कुठे गेलेच नाहीत?"

"कसे जाणार?" वहिनी म्हणाल्या. "तुझ्या बोटीत त्यांना घेरी यायची ना. तुला बोलले नाहीत?"

बाकीचं मी सांगितलं. त्याने हातातला कंट्रोलर खाली ठेवला. मग म्हणाला, "चित्र थोडं उतरवलं की झालं असतं, काका. काही कठीण नव्हतं. मला वाटलं, त्यांना चित्रच आवडतंय."

काही महिन्यांनी तो बदललेला गेम घेऊन आला. मशीन तेच, चिऱ्याचे तुकडे तेच. वहिनी आणि मी सोफ्यावर बसलो. रंग पहिल्यापेक्षा फिके होते, कातळाच्या कडा बोथट दिसत होत्या. पण बोट बांध ओलांडून मोठ्या लाटांवर गेली, आणि माझ्याही पोटात काही ढवळलं नाही. दोन टेकड्या मागे पडल्या. खाडी आली. काठावर एक कौलारू घर होतं, चीफच्या हेदवी गावातल्या मूळ घरासारखं, आणि ओटीवर एक माणूस बसलेला.

"हे त्यांच्यासाठी ठेवलं होतं," ओंकार म्हणाला. "बोट खाडीत शिरली की तो उठतो."

माणूस उठला. वहिनी पुढे सरकून टीव्हीच्या जवळ गेल्या. चित्र उतरवलेलं असल्यामुळे चेहरा नीट कळत नव्हता. पण त्याने वर केलेला हात हलत होता, कुठेही न अडखळता.